प्रश्नचिन्हाच्या पुढचा मजकूर

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे म्हणून आले होते. मोतीबिंदू गेला, सासरे राहिले. या गोष्टीला आता पाच महिने होत आले होते आणि तक्रार तरी कोणाकडे करणार, कारण ऑपरेशन उत्तम झाले होते. खरी अडचण तीच होती. चाळीस वर्षे छापखान्यात बसून मुद्रिते तपासलेला हा माणूस. डोळ्यांवर पडदा होता तोवर जगातल्या चुका त्यांना धूसर दिसत आणि जगाचे बरे चालले होते. नवे भिंग बसल्यावर त्यांना चार हातांवरून चुकलेला स्वल्पविराम दिसू लागला.

पहिल्या महिन्यात त्यांनी फ्रीजवरची सामानाची यादी सुधारली. दुसऱ्या महिन्यात जिन्याखालच्या फलकावरची, पाणी येणार नसल्याची सूचना लाल पेन्सिलीने इतकी सुधारली की पाणी कधी येणार नाही तेच कोणाला कळेना. तिसऱ्या महिन्यात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा मजकूर दुरुस्त करून ती बाटली औषधवाल्याला नेऊन दाखवली. औषधवाल्याने बाटली बदलून दिली. त्याला वाटले, औषधात काही निघाले.

जावई विमा कंपनीत दावे तपासनीस होता. लोकांनी पाठवलेल्या कागदांतून खोटे शोधून काढायचे हा त्याचा व्यवसाय आणि ऑफिसात त्याला मागून ‘चिमटा’ म्हणत. आठवड्यातले तीन दिवस तो घरून काम करी. त्यासाठी घरात एक लहानशी खोली होती, खोलीला खिडकी होती, खिडकीखाली टेबल होते. टेबलाच्या जागी आता सासऱ्यांची खाट होती आणि तपासनीस जेवणाच्या टेबलावर, मिठाची बाटली आणि पाण्याचा जग यांच्या मधल्या हातभर जागेत, जळालेल्या गोदामांचे अहवाल लिहीत बसे. सासरे येता-जाता मागे थांबत.

“जावईबापू, या पानात ‘सदर’ अकरा वेळा आलाय.”

“आमच्यात तसंच लिहितात, बाबा.”

“तुमच्यात तसंच लिहितात म्हणून गोदामं जळायची थांबलीत का?”

खोली परत हवी होती. पण ती अशी हवी होती की मागणारा आपण दिसू नये. बायकोचा आपल्या वडिलांवर जीव होता आणि तपासनिसाचा बायकोवर. शिवाय ‘बाबा आलेत तर राहू देत की निवांत’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात चार माणसांदेखत तोच बोलून बसला होता. सासरे जावेत, आनंदाने जावेत आणि त्यांच्या जाण्याने सर्वांत जास्त दुःख आपल्याला झालेले दिसावे, अशी त्याची माफक अपेक्षा होती.

एका रविवारी सकाळी सासरे आंघोळीला गेलेले पाहून त्याने लॅपटॉप पुढे ओढला. असले प्रश्न माणूस माणसाला विचारत नाही, म्हणून तर सर्च इंजिन निघाले. त्याने टाइप केले : सासऱ्यांना कसं परत पाठवावं. आणि बटण दाबण्याआधी, दावा मंजूर करण्याआधी थांबायचा तसा, घटकाभर थांबला. तेवढ्यात खाली सूचनांची यादी उघडली आणि पाठीमागे बायकोच्या चपला वाजल्या. यादीतली पहिली ओळ होती ‘सासऱ्यांना वाढदिवसाला काय द्यावं’. बुडत्याने काडी धरावी तशी त्याने ती ओळ धरली.

बायको खांद्यावरून वाकली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

“म्हणजे तुझ्या लक्षात होतं?”

“काय?”

“पुढच्या रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत ते. मी म्हणत होते, हा विसरणार.”

“विसरेन कसा,” तपासनीस म्हणाला. त्याला हे आत्ताच कळत होते.

“हे ग्रुपवर टाक. धाकटीलाही कळू दे, कोणाला किती काळजी आहे ते.”

“ग्रुपवर बाबा पण आहेत.”

“मग तर टाकच. त्यांनाही बरं वाटेल. आत्ता टाक, मी बघतेय.”

तिच्या देखत त्याने वरचा सगळा पत्ता कॉपी केला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. वर सुबक मराठीत ‘सासऱ्यांना वाढदिवसाला काय द्यावं’ असे नाव आले आणि खाली टक्क्यांची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची अकरा ओळींची निळी रांग, मुंग्यांचे वारूळ फुटावे तशी. मेव्हणीने लगेच लिहिले, “जिजू, किती गोड,” आणि पुढे लाल बदाम लावला. बायकोने त्याच्या केसांतून हात फिरवला. साडूने काहीच लिहिले नाही. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा एक चेहरा मात्र पाठवला.

तासाभराने साडूचा फोन आला. साडू लोकांना वेबसाइट बांधून द्यायचा.

“दादा, लिंक वाचली.”

“त्यात वाचण्यासारखं काय आहे? नुसते किडे आहेत.”

“त्या किड्यांच्या मध्ये एक प्रश्नचिन्ह आहे बघा. त्याच्या अलीकडे पत्ता असतो. पलीकडे तुमची कुंडली.”

तपासनिसाने लॅपटॉप घेऊन सज्जात जाऊन दार लोटून घेतले. साडू रमत गमत सांगत होता. प्रश्नचिन्हाच्या पुढे क्यू आणि बरोबरचे चिन्ह. त्यापुढे तुम्ही शेवटी शोधलेले. मग ओक्यू आणि बरोबरचे चिन्ह. त्यापुढे, यादीतली ओळ निवडण्याआधी तुमच्या बोटांनी जे टाइप केले होते ते. मराठी अक्षर पत्त्यात तसेच जात नाही, प्रत्येकाचे तीन तुकडे करून आकड्यांत जाते, म्हणून ते किड्यांसारखे दिसते. पण असते ते सगळे.

“म्हणजे मी पुसलेलं पण असतं?”

“तुम्ही पुसलंत कुठे? तुम्ही फक्त दुसरं निवडलंत.”

“पण ते कशाला ठेवतात?”

“त्यांची सोय.”

“आणि आमची?”

“तुमची बघायला मी आहे की. मला एका मिनिटात कळलं. ‘कसं परत पाठवावं’. दादा, वाक्य छान आहे. सुटसुटीत.”

“तू कोणाला सांगणार आहेस?”

“मी कशाला सांगू? हे बाबांना कळलं की ते बॅग भरणार आणि त्यांच्या गावी जायच्या वाटेवर आमचं घर, म्हणजे तुमच्यानंतर नंबर आमचा. आमच्या घरी तर खोली पण नाही. हॉलमध्ये माझ्या डोक्यापाशी बसतील. दादा, तुमच्यापेक्षा मी घाबरलोय.”

साडूने उपाय सांगितला. लिंक काढून टाका. मी ओक्यूआधीच्या ‘अँड’च्या चिन्हापासून पुढचे सगळे छाटून पाठवतो, ती टाका. तपासनिसाने लिंक काढून टाकली, पाच ओळींची नवी टाकली आणि खाली लिहिले, “आधीची नीट नव्हती.” मग तो सज्जातून बाहेर आला. समोर सासरे उभे होते. नुकतेच कोपऱ्यावरच्या दुकानातून आले होते आणि हातात प्रिंट होती. ते ग्रुपवरचे सगळे दुकानात नेऊन छापून आणत. पडद्यावर वाचलेले वाचन नव्हे, असे त्यांचे मत होते.

“जावईबापू, अकरा ओळी पाठवल्यात. भावना पोहोचल्या,” सासरे म्हणाले. आणि मोबाइलकडे पाहून थबकले. “ही नवी कुठली?”

सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडलेले होते.

“पहिल्या आवृत्तीत अकरा ओळी,” सासरे म्हणाले. “दुसऱ्या आवृत्तीत पाच. सहा ओळी कोणी गाळल्या?”

“तो कचरा होता, बाबा.”

“वाचला होतात?”

“नाही, म्हणजे ते वाचता येत नाही.”

“मग कचरा आहे हे कसं कळलं?”

हाच प्रश्न तपासनिसाने आयुष्यात निदान हजार लोकांना विचारला होता. लोक तेव्हा गप्प बसत आणि त्यावरून तो ओळखायचा. तोही गप्प बसला. सासऱ्यांनी लाल पेन्सिलीला टोक काढले.

त्या दिवसापासून घरात दोन माणसे दोन कामांना लागली. सासरे मजकूर वाचायला आणि तपासनीस त्यांना वाचू न द्यायला. मंगळवारी त्याने रजा काढून सासऱ्यांना बागेत नेले. सासऱ्यांनी झाडांच्या पाट्या वाचल्या, तीन झाडांची नावे चुकीची लिहिल्याचे माळ्याला सांगितले आणि परत आल्याबरोबर कागद उघडला. बुधवारी त्याने दुसरी रजा काढली आणि पाठ मागे रेलणारी, पाय वर घेणारी खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली, की म्हातारा जेवल्यावर झोपेल. सासरे खुर्चीत बसले, पाय वर घेतले आणि म्हणाले, “वा. आता उजेड बरोबर कागदावर पडतो.”

गुरुवारी त्याने काळजावर दगड ठेवून स्वतःचे सात अहवाल सासऱ्यांपुढे ठेवले. “जरा नजर टाकाल का? तुमच्याशिवाय कोण बघणार?” हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर दाटून आला, निराळ्या कारणाने. सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी सातही अहवाल एका दुपारी संपवले. प्रत्येक पान गोवर उठल्यासारखे दिसत होते. आणि चहाच्या वेळी ते पुन्हा लिंककडे वळले.

दर चहाला प्रगती कळे. कोणी विचारत नसे.

“ई-झिरो, ए-फोर. हे जवळजवळ प्रत्येक अक्षराआधी येतंय,” ते म्हणाले. “म्हणजे ते आडनाव. सगळं एकाच घराण्यातलं. खरं नाव शेवटचं. काहींचं आडनाव ए-फाइव्ह आहे, ती चुलत शाखा.”

“वा,” तपासनीस म्हणाला. त्याच्या घशात बिस्किट अडकले होते.

“वर ठळक अक्षरांत मथळा आहेच. ‘सासऱ्यांना वाढदिवसाला’ वगैरे. तो समोर धरायचा आणि एकेक खूण त्याच्याशी ताडायची. बी-एट म्हणजे स. बी-ई म्हणजे काना. एकदा मथळा जुळला की किल्ली हातात आली. मग बाकीचं कुलूप किती वेळ टिकणार?”

“ताण देऊ नका हं डोळ्यांना, बाबा,” बायको म्हणाली.

“ताण कसला? चार वर्षांनी काम मिळालंय.”

सासरे हात धुवायला उठले तेव्हा तपासनिसाने तो कागद घडी करून अंगातल्या शर्टाच्या आत सरकवला. सासरे परत आले, जागा रिकामी पाहिली, खोलीत गेले आणि दुसरा कागद घेऊन आले. “मूळ प्रत वेगळी, काम करायची प्रत वेगळी,” ते समजावून सांगत म्हणाले. “छापखान्यात एकाच प्रतीवर कोणी विसंबत नाही. कागद काय, हरवतात.” शर्टाच्या आतला कागद कुरकुरला. तपासनीस खोकला.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्याला स्वयंपाकघरात बोलावले आणि दार लोटले.

“तुला एक सांगू? बाबांनी परतीचं तिकीट काढलं होतं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाचं. मला म्हणाले, जावयाची खोली अडवून बसलोय, बरं दिसत नाही.”

“काढलं होतं म्हणजे?” तपासनिसाने विचारले.

“काल रद्द केलं. म्हणाले, दोन दोन रजा घेऊन मला फिरवतो, खुर्ची आणतो, कामाचे कागद विश्वासाने वाचायला देतो. आता मी गेलो तर त्याला लागेल.”

“लागलंच असतं,” तपासनीस म्हणाला.

“माहितेय मला,” बायको म्हणाली आणि तिने त्याचा हात दाबला.

त्याने मनातल्या मनात आठवड्याचा हिशेब मांडला. सोमवारी जाणारा माणूस आता जाणार नव्हता; दोन रजा गेल्या होत्या; सात अहवाल पुन्हा टाइप करायचे होते; आणि एवढे करून ओक्यूच्या पुढची ओळ जिथल्या तिथे होती. साडूला फोन केला तर तो म्हणाला, “दादा, तिकीट रद्द झालं हे ऐकून आमच्याकडे सकाळपासून वातावरण छान आहे. तुम्ही फक्त रविवार काढा.”

रविवारी दुपारच्या जेवणाला मेव्हणी आणि साडू केक घेऊन आले. सासऱ्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि खिशाला लाल पेन्सिल होती. केकवरचे नाव त्यांनी तपासले, बरोबर निघाले, किंचित निराश झाले. केक कापून झाला. मग ते उभे राहिले आणि त्यांनी घडी केलेला कागद उघडला.

“दोन शब्द बोलतो,” ते म्हणाले. “गेल्या रविवारी जावईबापूंनी एक मजकूर पाठवला. तुम्ही सगळ्यांनी नुसता मथळा वाचला आणि बदाम पाठवलेत. आत काय लिहिलंय ते कोणी पाहिलं नाही. मी पाच दिवस बसून वाचलं.”

साडूने ताटाकडे मान घातली.

“त्यात जावईबापूंनी जे केलंय,” सासरे म्हणाले, “ते सगळ्यांसमोर सांगायला हवं. कारण ते स्वतः होऊन कधी सांगणार नाहीत.”

ऑफिसात नव्या लोकांना तपासनीस एकच गोष्ट शिकवी : दावेदाराला बोलू द्या, मध्ये बोलू नका, न विचारलेलं तो स्वतःच सांगतो. पण ते टेबलाच्या तपासणाऱ्या बाजूला बसलेल्यांसाठी होते.

“बाबा, थांबा,” तो उठत म्हणाला. “तुम्ही नका सांगू. मीच सांगतो. मी ते टाइप केलं, कबूल. पण माझ्या मनात तसं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण तेवढं नव्हतं. खोलीचं होतं. नुसतं ‘सासऱ्यांना कसं परत पाठवावं’ लिहिलं म्हणजे मी लगेच कोणाला पाठवत होतो असं नाही. बटण तर दाबलंच नव्हतं.”

साडू अगदी हळू म्हणाला, “दादा, काय केलंत हे.”

“अहो,” बायको म्हणाली. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. ‘अहो’ ती परक्या माणसांसमोर म्हणायची किंवा मग अशा वेळी.

सासरे कागदाकडे पाहत होते. “हे कुठे लिहिलंय?”

“तिथेच. ओक्यूच्या पुढे. तुम्ही वाचलंत ना?”

“नाही.”

“नाही?”

“ती ओळ मी काढून टाकली.” सासऱ्यांनी कागद सगळ्यांकडे वळवला. चार ओळींवर लाल पेन्सिलीची सरळ, स्वच्छ काट होती आणि समासात लिहिले होते, ‘दुबार जुळणी’. “वरच्यासारख्याच सुरुवातीच्या दहा खुणा. तेच ‘सासऱ्यांना’. शेवटही तोच, ‘वं’. म्हटलं, एकच वाक्य चुकून दोनदा आलंय. आणि दुसऱ्या आवृत्तीत नेमकं तेच तुम्ही गाळलं होतंत. मला वाटलं, वाचता येत नसून माणसाने दुबार मजकूर ओळखला. तेच सांगायला उभा राहिलो होतो, की जावयाचा हात मुद्रितशोधकाचा आहे.”

तपासनीस बसला. मेव्हणी म्हणाली, “जिजू, बदाम परत घेता येतो का हो?” कोणी हसले नाही. साडूला हसू आले होते, पण त्याने ते पाण्याबरोबर गिळले.

सासरे मात्र त्यांच्याकडे पाहतही नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पेन्सिलीने एकेक खूण ताडायला सुरुवात केली. “बरोबर आहे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “क. स. अनुस्वार. प, र, त. ‘कसं परत’.” त्यांचा चेहरा पडला. “चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पहिला शब्द बघितला, शेवटचा बघितला आणि मधलं न वाचता काट मारली. असं करणाऱ्या दोघांना मी छापखान्यातून घरी पाठवलंय.”

“बाबा, ते जाऊ द्या,” बायको म्हणाली. “यांनी असं लिहावं—”

“त्यांनी काय लिहिलं तो त्यांचा प्रश्न. मी काय वाचलं नाही तो माझा.” सासरे खुर्चीत टेकले. “तू असं कर, उद्याचं तिकीट मिळतंय का बघ. ज्याला समोरचं वाचता येत नाही त्याने दुसऱ्याच्या घरी बसून चुका काढू नयेत.”

बायकोने डोळे पुसले आणि मोबाइल उचलला. साडूचा चेहरा पांढरा पडला. तपासनिसाच्या मनात मात्र, मान खाली घातलेली असताना, लाज वाटत असताना, अगदी खालच्या कप्प्यात एक खिडकी आणि तिच्याखालचे एक टेबल दिसू लागले होते.

“सकाळचं आहे एक,” बायको म्हणाली. “काढू?”

“काढ.” सासऱ्यांनी कागदाची घडी घालायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले. बोट काट मारलेल्या ओळींच्या खाली गेले. “हे काय आहे?”

“काय, बाबा?” साडू जरा जास्तच तत्परतेने उठला.

“ओक्यू संपल्यावर. ही शेवटची लांबलचक रांग. यात टक्के नाहीत, ए-फोर नाही, ए-फाइव्ह नाही. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं नुसती सांडलेली. मी समजत होतो हे शाईचे डाग. पण हेही कोणीतरी लिहिलेलंच असणार ना?”

“लिहिलेलं आहे, बाबा,” साडू म्हणाला. “पण त्यात काय आहे ते नीटसं कोणालाच वाचता येत नाही. मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं डोकं फोडतायत.”

“कोणालाच नाही?”

“बनवणारे सोडून.”

सासऱ्यांनी चष्मा खाली ओढला, कागद पुन्हा उलगडून टेबलावर सपाट केला आणि खिशातली पेन्सिल काढली.

“मग तिकीट राहू दे,” ते मुलीला म्हणाले. “याला वेळ लागेल.”

साडूने ताट पुढे केले आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला, मोठा.